व्हिएन्नात चार रात्री: झाखर, इंपिरियल, ब्रिस्टॉल की पार्क हयात?

मृण्मयी_ठाणे

नमस्कार. एप्रिलच्या उत्तरार्धात आम्ही दोघे चार रात्रींसाठी व्हिएन्नाला जाण्याचे ठरवत आहोत. यजमान मार्चअखेर बँकेतून निवृत्त होत आहेत आणि दहा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या सहलींची वर्णने नातेवाइकांकडून पुरेशी ऐकून झालेली असल्यामुळे एकच शहर, एकच हॉटेल आणि बॅगा एकदाच उघडायच्या, एवढे आमचे पक्के झाले आहे. एरवी आम्ही हॉटेलवर फार खर्च करणारे नाही, परंतु या वेळी रात्रीला साधारण ६०० युरोपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

व्हिएन्नाच का, तर यजमानांना पाश्चात्त्य अभिजात संगीताचे वेड आहे. झुबिन मेहता मुंबईत येणार असे कळले की तिकिटासाठी त्यांची धडपड सुरू होत असे. मला संगीतातले फारसे कळत नाही. मला जुन्या रस्त्यांवरून हिंडायला आणि कॉफीगृहात निवांत बसायला आवडते. माझे गुडघे दुखतात, त्यामुळे चढउतार शक्यतो टाळावी लागते. आम्ही शाकाहारी आहोत, अंडे चालते.

संकेतस्थळांवरील परीक्षणे वाचून शेवटी झाखर, इंपिरियल, ब्रिस्टॉल आणि पार्क हयात ही चार नावे उरली आहेत. चारही ठिकाणांची छायाचित्रे पाहिली की सगळीकडे तीच झुंबरे आणि तेच पडदे दिसतात. ज्यांना ही हॉटेले किंवा हे शहर जवळून माहीत आहे, त्यांनी निवड नेमकी कशाच्या आधारावर करावी हे सांगितल्यास उपकार होतील.

डॅन्यूबकाठचा

मृण्मयीताई, नोकरीच्या निमित्ताने बरीच वर्षे या शहरात आहे. पाहुण्यांना या चारही हॉटेलांच्या दारापर्यंत सोडणे आणि त्यांच्या लाउंजमध्ये बसून गप्पा मारणे एवढाच माझा अधिकार, तरी जे दिसते ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे जागा मध्यवर्ती आहे की नाही, या प्रश्नावर येथे निकाल लागणार नाही. १८५७ साली सम्राट फ्रान्झ योझेफ याने जुन्या गावाची तटबंदी पाडण्याचा हुकूम काढला आणि तिच्या जागी रिंगश्ट्रासे हा रुंद राजमार्ग झाला. त्या कड्याच्या आतला पहिला जिल्हा जेमतेम तीन चौरस किलोमीटरचा आहे आणि तुमची चारही नावे त्यातच येतात. ब्रिस्टॉल आणि इंपिरियल रिंगवर, झाखर ऑपेरागृहाच्या मागच्या अंगाला आणि पार्क हयात आम होफ या जुन्या चौकात. दिवसा कोठूनही कोठेही चालत जाता येते आणि रस्ते बहुतांशी सपाट आहेत. म्हणून मी दिवसाचा नव्हे, तर रात्री साडेदहाचा विचार करायला सांगेन. ऑपेरा संपतो तेव्हा गुडघे थकलेले असतात, पायांत ठेवणीतले जोडे असतात आणि एप्रिल असला तरी हवा गार असते. त्या वेळी झाखर किंवा ब्रिस्टॉलला जायला एक रस्ता ओलांडावा लागतो. पार्क हयातपर्यंत मात्र पाऊण-एक मैल चालावे लागते किंवा टॅक्सी शोधावी लागते.

आता यजमानांचा ओढा ऑपेराकडे आहे की वाद्यवृंदाकडे, हे त्यांना विचारा, कारण त्यावर उत्तर बदलते. नववर्षाच्या मैफलीमुळे जगभर ओळखीचे झालेले म्युझिकफेराइनचे सोनेरी सभागृह इंपिरियलच्या अगदी पाठीशी आहे. मेहतांनी तेथे ती मैफल पाच वेळा संचालित केली आणि तरुणपणी त्यांचे शिक्षणही याच शहरात झाले, त्यामुळे यजमानांना त्या इमारतीपुढे नुसते उभे राहण्यातही आनंद वाटेल. दोन संध्याकाळी म्युझिकफेराइनमध्ये जाणार असतील तर मी डोळे मिटून इंपिरियल म्हणेन. ऑपेरा असेल तर ब्रिस्टॉल.

दुसरी गोष्ट मजल्याची, आणि येथे आपली मुंबईची सवय उलटी फिरवावी लागते. आपल्याकडे वरचा मजला म्हणजे हवा, उजेड आणि जास्त भाव. इंपिरियल हा मुळात ड्यूक ऑफ व्युर्टेम्बर्गचा १८६३ साली बांधलेला महाल. १८७३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी त्याचे हॉटेल झाले. लिफ्ट नसलेल्या काळातल्या अशा महालांत मालकाचे दिवाणखाने तळमजल्याच्या लगेच वर असत आणि जसजसे वर जावे तसतशी छते बुटकी होत जातात. त्यामुळे अशा इमारतीत 'वरच्या मजल्यावरची खोली द्या' अशी विनंती केली तर ते आनंदाने देतील, परंतु ज्या उंच छताच्या ओढीने तुम्ही महालात राहायला गेलात ते खालीच राहील. रिंगवर पहाटेपासून ट्राम धावतात हेही लक्षात घ्या. खिडक्या दुहेरी असल्या तरी ज्यांची झोप सावध आहे त्यांनी अंगणाकडची खोली मागावी.

जाता जाता तारखांबद्दल सांगतो. व्हिएन्नाची मॅरेथॉन एप्रिलमधल्या एका रविवारी असते आणि त्या दिवशी रिंगसह बरेच रस्ते वाहनांसाठी बंद असतात. हॉटेलांचे दर चढतात ते वेगळेच. तो रविवार टाळा.

तिकीटघर

मी प्रवास-व्यवसायात आहे, त्यामुळे झुंबरांपेक्षा हिशोबाबद्दल लिहितो.

'हॉटेल कोणते' या प्रश्नाइतकाच 'त्या हॉटेलातली खोली कोणती' हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि नव्वद टक्के लोक तो विचारतच नाहीत. कोणत्याही नामवंत हॉटेलच्या नावाशेजारी जो आकर्षक दर दिसतो तो सर्वांत लहान खोलीचा असतो आणि जुन्या इमारतींत ही सर्वांत लहान खोली खरोखरच लहान असते. खिडकी समोरच्या भिंतीकडे उघडत असली तरी वर्णनात तिला 'शांत' म्हटलेले असते. खोलीचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये दिलेले असते ते वाचा. पंचवीसच्या आतले असेल तर दोन मोठ्या बॅगा उघडल्यावर चालायला वाट उरत नाही. बहुतेक तारखांना ब्रिस्टॉलचा दर झाखरपेक्षा उतरता असतो, म्हणजे तुमच्या ६०० युरोंत झाखरची साधी खोली मिळवण्याची कसरत करावी लागेल आणि ब्रिस्टॉलमध्ये तेवढ्यातच एखादी पायरी वरची खोली, कदाचित ऑपेराच्या बाजूची, मिळू शकेल. मी स्वतः नेहमी दुसरा मार्ग सुचवतो, तो म्हणजे मोठ्या नावाच्या शेवटच्या खोलीपेक्षा जरा कमी गाजलेल्या घरातली चांगली खोली.

दर पाहताना तीन गोष्टी ताडून घ्या. न्याहारी धरलेली आहे का, कारण या दर्जाच्या हॉटेलात दोघांची न्याहारी वेगळी घेतली तर चार दिवसांत मोठी रक्कम होते. युरोपात दाखवलेल्या दरात मूल्यवर्धित कर असतोच, पण शहराचा मुक्काम-कर कधी धरलेला असतो आणि कधी निघताना वेगळा लावतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट रद्द करण्याच्या अटीची. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो, म्हणजे खोली आधी राखावी लागते आणि व्हिसा नंतर मिळतो. अशा वेळी दहा-पंधरा टक्के स्वस्त पडते म्हणून परतावा न मिळणारा दर घेणे मला अजिबात मान्य नाही. व्हिसा हाती पडेपर्यंत रद्द करता येणाराच दर घ्या आणि नंतर वाटल्यास हॉटेलशी बोलून बदला.

पैसे देण्याबद्दलही थोडे लिहितो. तुम्ही प्रवास कंपनीकडून विमान आणि हॉटेल एकत्र घेतले तर त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला प्राप्तिकर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, मात्र तोपर्यंत रक्कम अडकते. हॉटेल थेट राखल्यास निघताना मुख्य खर्च कार्डाने होईल. तेव्हा यंत्रावर 'रुपयांत की युरोत' असे विचारले जाते आणि रुपयांचा आकडा ओळखीचा वाटल्यामुळे आपली माणसे तोच निवडतात. त्यात विनिमयाचा दर दुकानदाराच्या बाजूचा असतो. नेहमी युरो निवडा. शिवाय चेक-इनच्या वेळी किरकोळ खर्चासाठी कार्डावर काही रक्कम रोखून ठेवतात आणि ती सुटायला कधी कधी आठवडा जातो, म्हणून एकाच कार्डावर सगळी भिस्त ठेवू नका.

वाचाळ_विसुभाऊ

सर्वांचा आदर राखून विरुद्ध मत मांडतो. हॉटेल हे झोपण्यासाठी असते. पहिल्या जिल्ह्याच्या बाहेर, सातव्या किंवा आठव्या जिल्ह्यात, घरगुती पद्धतीची स्वच्छ 'पेन्सिओन' आहेत. ट्रामने दहा मिनिटांत ऑपेरा. वाचलेल्या पैशांत यजमानांना म्युझिकफेराइनची उत्तमोत्तम तिकिटे काढता येतील आणि तरीही उरतील. शिवाय ऑपेराच्या स्थानिक रसिकांचे खरे ठिकाण म्हणजे उभ्याने ऐकण्याची स्वस्त जागा. मखमली खुर्चीत बसून पेंगणाऱ्या श्रीमंतांपेक्षा तेथे उभे असलेले विद्यार्थी अधिक कानसेन असतात.

अनुराधा_एन

विसुभाऊ, गुडघे दुखणाऱ्या बाईला तीन तास उभे राहून ऑपेरा ऐकायला सांगणारे आपण पहिलेच असाल. आणि हॉटेल फक्त झोपण्यासाठी असते हे पंचविशीत खरे असते. साठीनंतर दुपारी दोन तास खोलीवर परत येऊन पाय वर करून पडायचे असते, तेव्हा ती खोली कशी आहे याला महत्त्व येते.

मृण्मयीताई, आम्ही पार्क हयातमध्ये राहिलो होतो आणि सगळ्यांनी रिंगवरच्या महालांचीच शिफारस केल्यामुळे त्याच्या बाजूने लिहिणे मला भाग आहे. ही इमारत मुळात बँकेचे मुख्यालय होती. हॉटेल २०१४ साली सुरू झाले. जेथे खातेदार रांगेत उभे राहत असतील त्या प्रशस्त, संगमरवरी दालनात आता उपाहारगृह आहे आणि जेथे तिजोरी होती तेथे पोहण्याचा तलाव आहे, त्याच्या तळाला सोनेरी फरशी बसवली आहे. निवृत्त बँक अधिकाऱ्याला तिजोरीत पोहायला मिळणे हा योग मी तरी चुकवला नसता! तलावाचे पाणी कोमट असते आणि दिवसभर चालून आल्यावर दुखऱ्या गुडघ्यांना त्याचा फार आराम पडतो. इतर ठिकाणी तलाव आहे की नाही ते नीट पाहून घ्या, कारण जुन्या महालांत तशी जागा काढणे अवघड असते आणि 'स्पा' म्हटले की तलाव असेलच असे नाही.

मात्र तुमच्यासाठी खरा मुद्दा न्हाणीघराचा आहे. अशाच एका नावाजलेल्या हॉटेलात, वेगळ्या शहरात, आमच्या खोलीत नक्षीदार पायांचा सुंदर टब होता आणि शॉवर त्या टबातच होता. टबाचा काठ गुडघ्याच्या वर येत होता, धरायला दांडी नव्हती आणि खाली गुळगुळीत संगमरवर. माझ्या सासूबाईंनी सगळा मुक्काम बादली मागवून अंघोळ केली. जुन्या हॉटेलांत प्रत्येक खोली वेगळी असते, त्यामुळे छायाचित्रात दिसलेले न्हाणीघर आपल्याला मिळेलच असे नाही. आरक्षण केल्यावर हॉटेलला स्वतंत्र ईमेल लिहून, टबापासून वेगळा आणि उंबरठा नसलेला शॉवर हवा आहे आणि त्याचे कारण वैद्यकीय आहे, असे स्पष्ट कळवा व होकार लेखी मागवा. पसंती म्हणून कळवलेली गोष्ट जमले तर होते; गरज म्हणून कळवली की आरक्षण पाहणारी व्यक्ती खोलीचा क्रमांकच नोंदवून ठेवते.

आणखी दोन बारीक गोष्टी. ऑस्ट्रियात दुहेरी पलंग म्हणजे बहुधा शेजारी शेजारी दोन गाद्या आणि दोन स्वतंत्र दुलया; ते पाहून गोंधळू नका, तीच तिथली रीत आहे. आणि खोलीत कॉफीचे यंत्र असते, पाणी उकळायची किटली असेलच असे नाही. मागितली की आणून देतात. चहापूड आणि साखर आपली नेलेली बरी, दूध मिळते.

मृण्मयी_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. तिजोरीतल्या तलावाचे वाचून यजमान इतके हसले की अर्धा निर्णय तेथेच झाला असे मला वाटले होते, परंतु ऑपेरा की वाद्यवृंद असे विचारल्यावर त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता 'म्युझिकफेराइन' असे उत्तर दिले. शक्य तर दोन मैफली आणि एखादा ऑपेरा असा त्यांचा विचार आहे. त्यामुळे इंपिरियल आणि पार्क हयात अशी दोनच नावे आता समोर ठेवते.

तीन शंका आहेत. झाखर सोडले तर काही महत्त्वाचे हुकेल का? एवढे त्याचे नाव आहे म्हणून विचारते. दुसरे, शाकाहारी जेवणाची अशा हॉटेलांत आबाळ होते का? तिसरे, आमचे विमान सकाळी लवकर पोहोचते. खोली दुपारी तीनला मिळणार असेल तर तोपर्यंत काय करावे?

डॅन्यूबकाठचा

झाखरबद्दल आधी. १८७६ साली एडुआर्ड झाखर याने ते सुरू केले, पण त्याला नाव मिळवून दिले ते त्याच्या पश्चात सिगार ओढत आणि पाळलेले बुलडॉग सोबत घेऊन हॉटेल चालवणाऱ्या त्याच्या पत्नीने, आना झाखरने. प्रसिद्ध चॉकलेट केक त्याहून जुना आहे. तो एडुआर्डच्या वडिलांनी, फ्रान्झ झाखरने, १८३२ साली केला असे सांगतात. 'अस्सल' हा शब्द कोणी लावायचा यावरून झाखर आणि डेमेल या मिठाईघरात वर्षानुवर्षे कज्जा चालला. जर्दाळूच्या मुरंब्याचा थर झाखरच्या केकमध्ये मधोमधही असतो, डेमेलच्या केकमध्ये फक्त वरच्या चॉकलेटखाली. हे सगळे अनुभवण्यासाठी तेथे राहावे लागत नाही. सकाळी कॅफे उघडताना जा, दुपारची रांग टळेल. झाखरमध्ये राहणे सुंदरच असणार, परंतु तुमच्या बजेटात तिथली सर्वांत लहान खोली पदरात पडेल आणि तिकीटघर यांनी वर लिहिलेला मुद्दा मला पटतो.

यजमानांना इतिहासात रस असेल तर एक गंमत सांगा. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ ते १९५५ या काळात शहराची चार राष्ट्रांत वाटणी झाली, तेव्हा झाखर ब्रिटिशांच्या ताब्यात होते, ब्रिस्टॉल अमेरिकनांच्या आणि इंपिरियल सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या. त्याआधी, १८७५ साली, संगीतकार रिशार्ड वाग्नर कुटुंबासह इंपिरियलमध्ये मुक्कामाला होता. माझ्या मते तुमच्या यजमानांसाठी हे एक वाक्य तलावावर मात करणारे आहे. तुमच्या गुडघ्यांचे मत वेगळे असू शकते, ते घरात मिटवा.

जेवणाची चिंता नको. न्याहारीला फळे, चीज, पाव, दही, हवे तसे अंडे असे भरपूर असते. शहरात पालकाचे क्नोडेल (उकडलेले गोळे), चीज घातलेले श्पेट्झले (अंडे घातलेल्या पिठाच्या छोट्या शेवया), सफरचंदाचा श्ट्रुडेल (पातळ पापुद्र्यांची गोड गुंडाळी) सर्वत्र मिळतात; फक्त सूप मागवताना ते मांसाच्या पाण्यात केले आहे का हे दर वेळी विचारा, कारण 'भाज्यांचे सूप' म्हटल्यावरही ते असू शकते. एखाद्या रात्री थाट करायचा असेल तर हिमेलफोर्टगासे या गल्लीतले 'तियान' हे मिशेलिन तारा मिळवलेले शाकाहारी उपाहारगृह आहे. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. १८७३ साली सुरू झालेल्या नळयोजनेतून आल्प्समधल्या झऱ्यांचे पाणी आजही शहरात येते आणि अशा हॉटेलातल्या नळालाही तेच असते.

सकाळी पोहोचल्यावर बॅगा हॉटेलवर ठेवून घेतात, त्यात कमीपणा काही नाही. तरीही आदल्या रात्रीच्या विमानप्रवासानंतर अंग मोकळे करायला खोली लागतेच, म्हणून लवकर प्रवेश मिळेल का हे ईमेलमध्येच विचारा.

तिकीटघर

लवकर प्रवेशाबद्दल पुस्ती जोडतो. नुसते विचारले तर 'उपलब्धतेनुसार' असे उत्तर येते आणि त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. हॉटेलच्या साखळीचे सदस्यत्व विनामूल्य असते, ते आधी घ्या आणि आरक्षणात क्रमांक टाका. इंपिरियल मॅरियटच्या लक्झरी कलेक्शनमध्ये आहे आणि पार्क हयात अर्थातच हयातचे. उच्च श्रेणीच्या हॉटेलांशी करार असलेल्या एजंटामार्फत राखल्यास बहुधा त्याच दरात न्याहारी आणि शक्य असेल तेव्हा वरच्या श्रेणीची खोली मिळते, लवकर प्रवेशाची विनंतीही अधिक गांभीर्याने घेतली जाते. दोन्हीकडचे भाव मागवा आणि खोलीचे नाव, क्षेत्रफळ व रद्द करण्याची तारीख शेजारी शेजारी लिहून तुलना करा.

मृण्मयी_ठाणे

दोन्ही हॉटेलांना आज ईमेल पाठवले. खालच्या मजल्यांपैकी एखाद्यावर, अंगणाकडची, वेगळा शॉवर असलेली खोली असे इंपिरियलला आणि लवकर प्रवेश व वेगळा शॉवर असे पार्क हयातला विचारले आहे. शॉवरचा लेखी होकार जे आधी देतील तेथे जायचे असे आम्हा दोघांत ठरले आहे. दोघांनीही दिला तर इंपिरियल.

डॅन्यूबकाठचा

उत्तम. आता खोलीइतकीच तिकिटांचीही घाई करा. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या वर्गणीदारांसाठीच्या मैफली म्युझिकफेराइनमध्ये शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी अकरा वाजता असतात. त्यांच्या बहुतेक जागा वर्गणीदारांकडे असतात, पण परत आलेली तिकिटे विक्रीला येतात आणि अशी तिकिटे मिळवून देणे हे हॉटेलच्या कन्सिअर्जचे, म्हणजे पाहुण्यांची अशी कामे करून देणाऱ्या कर्मचाऱ्याचे, रोजचे काम आहे, तेव्हा आरक्षण पक्के होताच त्यालाच लिहा. रविवारी दुकाने बंद असल्यामुळे ती सकाळ मैफलीला दिली तर तुमचेही काही बुडत नाही. परतीचा दिवस रविवार येत असेल तर खोली उशिरा सोडण्याची परवानगीही याच पत्रात मागून घ्या. मैफल एकच्या सुमारास संपते आणि खोली बहुधा बारा वाजता रिकामी करावी लागते.